फोनवरून पट्टा जात नाही

(धारणी तालुक्यातल्या ग्रामसभा मेळाव्यात संघटनेच्या एका कार्यकर्तीनं केलेलं भाषण. मेळाव्याला चिखलदरा, अकोट आणि तेल्हारा भागातले साथी आले होते. बोललं तसंच उतरवून घेतलं आहे. पत्ता आणि कायद्याची कलमं मागाहून घातली आहेत. ज्या गावात वाचणारं कोणी असेल त्यानं बाकीच्यांना वाचून दाखवावं.)



वडीलधाऱ्या माणसांनो, मायबहिणींनो, आणि मागं झाडाखाली मोबाईल घेऊन उभ्या असलेल्या माझ्या भावांनो,

आजची सभा जमिनीची आहे. सकाळपासून दाव्यांचं झालं, मोजणीचं झालं, सामूहिक हक्काचं झालं. आणि मला विषय दिला फोनचा. मघाशी जेवताना एका आजोबांनी मला विचारलंच, "पोरी, जमिनीच्या सभेत फोनचं काय काम?" काम आहे आजोबा. कारण आता जमिनीवर डोळा ठेवणारा माणूस पहिले दारात येत नाही, पहिले फोनवर येतो. फोनवरून तो म्हणतो, "हप्ता भर, नाहीतर तुझा पट्टा जाते." आणि आपलं माणूस घाबरते.

दुसऱ्याचं कशाला सांगू, माझ्या घरचं सांगते.

माझ्या मायनं बायकांच्या गटातून एका कंपनीचं कर्ज घेतलं होतं. ३० हजार. महिन्याचा हप्ता सोळाशेच्या आसपास. कंपनीचं नाव घेत नाही, कारण पुढं जे झालं ते त्या कंपनीनंच केलं असं मी सिद्ध करू शकत नाही. मागच्या वर्षी दिवाळीनंतर बाप कामाला बाहेरगावी गेला, मुकादमानं पैसे अडवले, आणि आमचे दोन हप्ते चुकले. मग फोन सुरू झाले. सकाळी चूल पेटायच्या आधी फोन. रात्री जेवताना फोन. माणूस हिंदीत बोलायचा. मायला हिंदी बाजारापुरती येते, घरात आम्ही कोरकू बोलतो. त्याचं अर्धं बोलणं तिला कळायचं नाही, पण शिवी कोणत्याही भाषेतली कळते. माय फोन माझ्या हातात द्यायची.

त्या माणसाला मायचं नाव माहीत होतं. गटाचं नाव माहीत होतं. हप्ता किती, चुकले किती, सगळं माहीत होतं. म्हणून मला तो खरा वाटला. तो म्हणाला, तुमचा वनपट्टा आमच्याकडे गहाण आहे. त्याची झेरॉक्स फाईलमध्ये आहे. उद्या लिलावाची नोटीस निघते, फॉरेस्टलाही कळवलं आहे. आज ४,८५० रुपये भरले तर सगळं मिटवतो.

झेरॉक्स दिली होती, हे खरं होतं. कर्ज घेताना मायनं आधारसोबत पट्ट्याचीही झेरॉक्स दिली होती. त्यामुळं माझ्या पायाखालची जमीन सरकली. माय म्हणाली, "पट्टा गेला त आपुन कुठी जावाचं?" तुम्हाला माहीत आहे तो पट्टा कसा मिळाला. दावा टाकला, तो फेटाळला, अपील केलं, पुन्हा पुरावे आणले, १३ डिसेंबर २००५ च्या आधीची वहिवाट दाखवायला म्हाताऱ्यांचे जबाब घेतले. त्यासाठी माझा बाप किती वेळा धारणीला पायी आला, त्याचा हिशोब नाही.

दोन बकऱ्या विकल्या. दुकानदाराच्या फोनवरून त्या माणसाच्या नंबरवर ४,८५० रुपये टाकले. तो म्हणाला, "हो गया, टेन्शन मत लो." फोन बंद.

तीन दिवसांनी गटाच्या बैठकीला कंपनीचा खरा वसुलीवाला आला आणि म्हणाला, दोन हप्ते बाकी आहेत. आम्ही म्हटलं, भरले. तो म्हणाला, पावती दाखवा. पावती कुठं होती? होता फक्त एक नंबर, आणि तो लागत नव्हता.

मी बारावी शिकलेली. संघटनेत काम करते. दुसऱ्यांचे दावे लिहून देते. वनहक्क कायद्याचं पुस्तक माझ्या पिशवीत असते. त्या पुस्तकातलं एक वाक्य मला त्या दिवशी आठवलं असतं तर आमच्या दोन बकऱ्या दारात राहिल्या असत्या. तेच वाक्य आज मी तुम्हाला देणार आहे. लाज वाटते हे सांगायला, पण सांगते. कारण असे फोन करणारे आपल्या लाजेवरच जगतात.

आता ते वाक्य ऐका. २००६ चा वनहक्क कायदा, कलम ४, पोटकलम ४. त्यात लिहिलं आहे की या कायद्यानं मिळालेला हक्क वारसानं पुढच्या पिढीला जातो, पण तो विकता येत नाही, दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. आणि तो नवरा-बायको दोघांच्या नावानं नोंदवायचा असतो. म्हणजे काय? पट्टा विकता येत नाही, म्हणून तो लिलावात निघत नाही. कंपनी तो घेऊ शकत नाही, सावकार घेऊ शकत नाही, फोनवरचा साहेब तर नाहीच नाही. झेरॉक्स दिली म्हणजे गहाण ठेवलं असं होत नाही. झेरॉक्स म्हणजे कागदाचा फोटो. माझा फोटो कोणाजवळ असला म्हणून मी त्याच्या घरची होत नाही.

ज्यांचा सातबारा आहे, त्यांच्यासाठीही ऐका. हे अकोट-तेल्हाऱ्याच्या पुनर्वसित गावांतल्या साथींनी जास्त नीट ऐकावं. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचं कलम ३६ आणि ३६-अ आहे. आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला द्यायची तर जिल्हाधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती नसेल तर व्यवहार टिकत नाही. हा कायदा सगळ्या महाराष्ट्राला आहे, फक्त मेळघाटाला नाही. सोसायटीचं किंवा बँकेचं पीककर्ज घेतलं असेल आणि सातबारावर त्याचा बोजा असेल, तर ती गोष्ट वेगळी. ते कर्ज जमिनीवरचं आहे आणि ते लक्षात ठेवलंच पाहिजे. पण तिथंही रीतसर नोटीस येते, तारीख मिळते, बोलायची संधी मिळते. कोणाचीच जमीन फोनवरून जात नाही. गटाच्या कर्जाला तर तारणच नसते. रिझर्व्ह बँकेनं १४ मार्च २०२२ ला मायक्रोफायनान्सचे नियम काढले. ज्या घराचं वर्षाचं उत्पन्न ३ लाखांपर्यंत आहे त्याला दिलेलं बिनतारण कर्ज म्हणजे मायक्रोफायनान्स, अशी व्याख्याच त्यात आहे. बिनतारण कर्जात पट्टा गहाण कसा असेल? हा साधा प्रश्न त्या दिवशी मी विचारला नाही.

आता फोन करणारा कोण असतो ते समजून घेऊ. मला तीन जाती दिसल्या. माणसाच्या नाही, फोनच्या.

पहिली जात, खरी कंपनी किंवा खरी बँक. कर्ज खरं, माणूसही त्यांचाच, पण तो दांडगाई करते. यांना नियम आहेत. गटाच्या कर्जासाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करायचा नाही. बाकीच्या बँक-कंपन्यांच्या थकलेल्या कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर नाही. सारखा सारखा फोन करायचा नाही. शिवीगाळ नाही, धमकी नाही. नातेवाईक, शेजारी, सोबत काम करणाऱ्याला त्रास द्यायचा नाही. थकबाकीदारांची नावं जाहीर लावायची नाहीत. कर्ज किती आणि न भरल्यावर काय होईल, याबद्दल खोटं सांगायचं नाही. वसुली दोघांनी मिळून ठरवलेल्या जागी करायची. लागोपाठ दोनदा किंवा जास्त वेळा माणूस त्या जागी आलं नाही, तरच घरी यायचं. आणि कर्जाचं कार्ड आपल्याला समजते त्या भाषेत द्यायचं. तुमच्यापैकी किती जणींजवळ मराठीतलं कर्जकार्ड आहे? हात वर करा. ... पाहिलं? सात हात. इथं साठ बायका तरी बसल्या आहेत.

दुसरी जात, मोबाईलवरच्या कर्जाच्या ॲपची. ही आमच्या वयाच्या पोरांची गोष्ट आहे, मागं उभे आहात ते ऐका. हरिसालला २०१६ साली देशातलं पहिलं डिजिटल गाव म्हणून नाव मिळालं. चांगली गोष्ट झाली. पण रेंजच्या मागं मागं हेही लोक आले. ॲप डाउनलोड करता, ते विचारते, फोनमधले नंबर बघू का, फोटो बघू का, आणि आपण 'हो, हो' दाबत जातो. हातात मिळतात तीन हजार, आणि आठ दिवसांत मागतात पाच हजार. नाही दिले तर तुमच्या फोटोवर घाण काहीतरी चिकटवून तुमच्या मामाला, मास्तरला, होणाऱ्या सासऱ्याला पाठवतात. रिझर्व्ह बँकेनं सप्टेंबर २०२२ मध्ये यावरही नियम काढले. कर्जाच्या ॲपनं फोनमधले नंबर, कॉलची यादी, फोटो-फाईल यांना हात लावायचा नाही. पैसे थेट कर्ज घेणाऱ्याच्या बँक खात्यात टाकायचे. कर्ज देणारी बँक किंवा कंपनी कोण, ते आधी सांगायचं. जे ॲप हे पाळत नाही, ते कर्ज देत नाही, जाळं टाकते. असा फोटो आला तर पैसे देऊ नका. एकदा दिले की पुन्हा मागतात, कारण त्यांना कळते की इथं दूध निघते. फोटोचा स्क्रीनशॉट ठेवा आणि पोलिसात जा. आणि बाकीच्यांनी असा फोटो आपल्या फोनवर आला तर पुढं पाठवू नका. पुढं पाठवणाराही त्या चोराचाच माणूस झाला.

तिसरी जात, निव्वळ चोर. कर्ज नाही, कंपनी नाही, कुठून तरी नाव-गाव मिळालं आणि फोन केला. आमच्याकडं आलेला हाच असावा. हे लोक कधी वसुलीवाले होतात, कधी वकील होतात, कधी पोलीस. व्हॉट्सअॅपवर सिंहाचा शिक्का मारलेला कागद पाठवतात आणि म्हणतात, अटक वॉरंट आहे. आता तर व्हिडिओवर वर्दी घालून बसतात आणि म्हणतात, तुमची डिजिटल अटक झाली, फोन ठेवायचा नाही. अशी अटक कोणत्याच कायद्यात नाही. वॉरंट कोर्ट काढते आणि पोलीस ते घेऊन येतात. कंपनीला अटक करायचा अधिकार नाही. हप्ता भरता आला नाही हा गुन्हा नाही, ती देणं-घेण्याची गोष्ट आहे, तिचा निवाडा दिवाणी कोर्टात होते.

पण इथं मी एक सावधगिरी सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल की ही पोरगी सगळ्याला खोटं म्हणायला शिकवते. कोर्टाचा खरा कागद आला तर तो चुलीत टाकू नका. आणि कर्ज घेताना कोरा चेक सही करून दिला असेल तर तो वटला नाही म्हणून खरा खटला होऊ शकते. म्हणून कोरा चेक आणि कोऱ्या कागदावर अंगठा, या दोन गोष्टी कोणालाच द्यायच्या नाहीत. कागद खरा की खोटा हे कळत नसेल तर तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते, तिथं जा. १९८७ च्या विधी सेवा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कोणत्याही बाईला वकील फुकट मिळते. उत्पन्नाचा दाखला मागत नाहीत. फोन १५१०० वर करता येते.

आता कामाचं. फोन आला तर काय करायचं?

एक, घाबरून लगेच बोलायचं नाही. आधी विचारायचं: तुमचं नाव काय, कोणत्या कंपनीचे, माझा कर्ज खाते नंबर सांगा, आणि जे मागता ते कागदावर लिहून पाठवा. खरा असेल तर तो सांगते. चोर असेल तर चिडते, घाई करते. "आजच भर, एका तासात भर" असं जो म्हणते तो चोर समजा. लिलावाला तारीख असते, चोराला घाई असते.

दोन, आपल्याकडून काही सांगायचं नाही. आधार नंबर नाही, फोनवर आलेला ओटीपी नाही, यूपीआयचा पिन नाही. पैसे घ्यायला पिन लागत नाही, पैसे द्यायलाच लागते. तो म्हणाला की तुमचे जास्तीचे पैसे परत करतो, पिन टाका, तर फोन ठेवून द्या.

तीन, कोणाच्या खासगी नंबरवर पैसे टाकायचे नाहीत. हप्ता भरायचा तर गटाच्या बैठकीत किंवा कंपनीच्या ऑफिसात, पावती घेऊन, कर्जकार्डावर चढवून. पावती नाही तर पैसे नाही. हे मी रडून शिकलेलं आहे.

चार, लिहून ठेवायचं. तारीख, वेळ, नंबर, काय बोलला, कोणती शिवी दिली. लिहिता येत नसेल तर पोराकडून लिहून घ्यायचं. फोनवर बोलणं रेकॉर्ड होत असेल तर करायचं.

लिहिण्यानं काय होते असं वाटेल तुम्हाला. आपल्याच वऱ्हाडातली गोष्ट सांगते, बुलढाणा जिल्ह्यातल्या खामगावची. तिथल्या एका शेतकऱ्यानं २००६ साली सावकारीची तक्रार केली. तक्रार होती एका आमदाराच्या वडिलांविरुद्ध. तेव्हा मुख्यमंत्र्यांच्या कार्यालयातून पोलिसांना फोन गेला आणि गुन्हा नोंदवायचं अडकलं. वरून आलेला फोन, त्याला कोण विचारणार? पण त्या फोनची नोंद पोलीस ठाण्याच्या डायरीत झाली होती. शेतकरी नागपूर खंडपीठात गेला, आणि ती नोंद कोर्टापुढं आली. पुढं सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तर डिसेंबर २०१० मध्ये त्या न्यायालयानं राज्य सरकारलाच १० लाखांचा दंड केला. एक फोन, डायरीतली एक ओळ, आणि सरकारला दंड. बोललेलं हवेत जाते, लिहिलेलं कोर्टात उभं राहते.

पाच, तक्रार. पैसे चोराला गेले असतील तर त्याच घडीला १९३० वर फोन करा. लगेच कळवलं तर पुढच्या बँकेत पैसे अडवता येतात. आम्ही तीन दिवसांनी कळवलं, तोवर खातं रिकामं झालं होतं. गावात रेंज नसेल तर रेंजच्या टेकडीवर एकाला पळवा, पण उशीर करू नका. धमकी आणि बाईमाणसाला घाण बोलणं हा गुन्हा आहे. नव्या भारतीय न्याय संहितेत धमकीला कलम ३५१ आहे, धाक दाखवून पैसे उकळायला ३०८ आहे, बाईच्या अब्रूला लागेल असं बोलायला ७९ आहे. वसुलीवाला दारात येऊन चारचौघांत जातीवरून बोलला तर ॲट्रॉसिटीचा कायदा आहे. पोलीस म्हणाले की ही आमची हद्द नाही, तरी गुन्हा नोंदवून पुढं पाठवणं त्यांचं काम आहे, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते.

खरी कंपनी दांडगाई करत असेल तर पहिले तिलाच लेखी तक्रार द्या आणि पोच घ्या. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाला लिहा. फी लागत नाही, वकील लागत नाही, आपल्या भाषेत लिहिलं तरी चालते. नेट नसेल तर पोस्टानं पाठवा. पत्ता असा: केंद्रीकृत पावती व प्रक्रिया केंद्र, भारतीय रिझर्व्ह बँक, चौथा मजला, सेक्टर १७, चंदीगड १६००१७. चौकशीचा नंबर १४४४८. सोबत कर्जकार्डाची झेरॉक्स आणि वहीतल्या नोंदींची नक्कल लावा.

आणि आपल्या गावातला सावकार? त्याला विसरू नका. तोही आता फोनच करते. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी नियमन कायदा आहे. परवाना नसताना सावकारी केली तर पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करता येत नाही, आपले म्हातारे त्याला दामदुपट म्हणतात. सावकारीत जमीन गेली असेल तर १५ वर्षांपर्यंतच्या व्यवहाराची तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडं करता येते, आणि चौकशीत सिद्ध झालं तर जमीन परत मिळते. हा कायदा बँकेला आणि रिझर्व्ह बँकेत नोंदलेल्या कंपनीला लागत नाही, त्यांना वरचे नियम लागतात. कोणाला कोणती काठी लागते ते माहीत पाहिजे.

आता मघाचे आजोबा पुन्हा हात वर करून राहिले. बोला आजोबा. ... "कर्ज घेतलं त फेडा नाई लागत का?" बरोबर विचारलं. फेडा लागते. मी कर्ज बुडवायला सांगत नाही. आमच्या घरानं ते दोन हप्ते नंतर भरले, बैठकीत, पावती घेऊन. खरं देणं हे देणंच आहे. ते थकलं तर सिबिलमध्ये नोंद होते आणि पुढं कर्ज मिळायला अडचण येते, हेही खरं आहे. अडचण असेल तर कंपनीला लेखी कळवा, हप्ता कमी करून मागा, मुदत वाढवून मागा. कर्ज घेणारं माणूस वारलं असेल तर कर्जासोबत विमा कापला होता का, ते कार्डावर बघा. आणि पुन्हा कर्ज घेण्याआधी घरात बसून हिशोब करा. त्याच २०२२ च्या नियमात लिहिलं आहे की घरावरच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या अर्ध्याच्या वर जायला नको. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज घेणं म्हणजे एका भोकाचं ठिगळ दुसरीकडून फाडून लावणं. नोटबंदीनंतर आपल्या अमरावतीकडं आणि विदर्भात बायका या कंपन्यांविरुद्ध मोर्चे घेऊन रस्त्यावर आल्या होत्या, त्या काही हौसेनं आल्या नव्हत्या. हातात काम नव्हतं, नोट नव्हती, आणि हप्तेवाला दारात होता.

फेडायचं देणं फेडू, पण शिवी खाऊन नाही, पट्ट्याची भीती घेऊन नाही, आणि चोराला तर एक पैसा नाही. एवढाच माझा मुद्दा आहे आजोबा.

शेवटचं सांगते. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्याला शेतकरी सावकारांवर उठले. त्यांनी पहिले काय मागितलं असेल? कर्जखतं मागितली आणि जाळली. तेव्हा कागद फक्त सावकाराच्या पेटीत होता आणि आपल्या माणसाला वाचता येत नव्हतं. कागद आपला वैरी होता. आज आपल्या घरातही कागद आहे. पट्टा आहे, कर्जकार्ड आहे, पावती आहे, ग्रामसभेचा ठराव आहे. आज फोनवाल्यालाच कागद नको आहे, म्हणून तो फोन करते.

म्हणून प्रत्येक गावानं पुढच्या ग्रामसभेत तीन गोष्टी कराव्या, अशी माझी विनंती आहे. पहिली, गावाची एक वही. वसुलीचा, धमकीचा फोन कोणालाही आला की त्या वहीत नोंद. एकीला आलेला नंबर दुसरीला आला की लगेच कळते. दुसरी, गावातली दोन माणसं नेमा, एक बाई आणि एक पोरगा, ज्यांच्याकडं कोणीही फोन घेऊन जाऊ शकते. तिथं कोणी हसणार नाही, कोणी "काहून घेतलं होतं कर्ज?" असं विचारणार नाही. तिसरी गोष्ट, ठराव. धारणी आणि चिखलदरा अनुसूचित क्षेत्रात आहेत. १९९६ च्या पेसा कायद्यानं अनुसूचित जमातीच्या लोकांना कर्ज देणाऱ्या सावकारीवर नियंत्रण ठेवायचा अधिकार ग्रामसभेला दिला आहे. आपण तो अधिकार वापरलाच नाही. आपल्या गावात पैसे देणारा कोण, परवाना आहे का, हे ग्रामसभेनं विचारावं आणि ठरावाची नक्कल तहसीलदाराला द्यावी. अकोट-तेल्हाऱ्याला पेसा नाही, पण वही ठेवायला आणि उपनिबंधकाकडं अर्ज करायला पेसा लागत नाही.

माझी माय आज इथं आली आहे, तिकडं पाण्याच्या टाकीजवळ बसली आहे. तिला आता हिंदीतलं एक वाक्य पाठ झालं आहे. फोन आला की ती शांतपणे म्हणते, "कागज भेजो." आणि फोन ठेवून देते. मागच्या महिन्यात तिनं तीनदा म्हटलं. अजून एकही कागद आला नाही.

तुम्हीही पाठ करा. आणि हिंदी येत नसेल तर कोरकूत म्हणा, मराठीत म्हणा. म्हणा पण.

जल, जंगल, जमीन, आमच्या हक्काची!

जोहार!